केबलला हात लावू नये

ती त्या दारापर्यंत आली ती केवळ योगायोगाने. नेहमीच्या प्रयोगशाळेतलं यंत्र बिघडलं होतं, म्हणून तिथल्या लोकांनी तिला इकडे पिटाळलं होतं. "तिथे मौनी म्हणून एक जण आहे, त्याला भेट," एवढंच सांगून.

बाहेर समुद्राकडून येणारा भुरभुर पाऊस होता, छत्रीला न जुमानणारा. तिने छत्री उघडलीच नव्हती. दोन्ही हात कोटाच्या आत होते, आणि त्या हातांत, छातीशी धरलेली, तिने स्वतः बनवलेली अँटेना होती.

दार जाड आणि लोखंडी. तिने ते खांद्याने ढकललं. आत भिंतींवर, छतावर, दाराच्या आतल्या अंगालासुद्धा काळ्या फोमचे हातभर लांब सुळके होते, सगळ्यांची टोकं तिच्याकडे रोखलेली. एखाद्या अवाढव्य जनावराच्या जबड्यात पाऊल टाकावं तसं तिला वाटलं.

"कोणी आहे का?" तिने विचारलं, आणि स्वतःच दचकली. आवाज तोंडातून निघाला आणि तिथेच संपला. कुठे आपटून परत आला नाही.

"आहे," खालून उत्तर आलं. "फक्त उजवा पाय जरा उचला. माझा हात आहे तिथे."

तिने पाय उचलला. निखळलेला एक सुळका चिकटवायला तो जमिनीवर आडवा झाला होता. उठून बसला तेव्हा त्याच्या केसांत फोमचा काळा भुगा होता आणि चेहऱ्यावर कसलीही घाई नव्हती.

"तुम्हीच मौनी?"

"लोक म्हणतात तसं."

"मला वाटलं, बोलत नसाल."

"ही खोली रेडिओलहरी गिळायला बांधली, पण ती आवाजही गिळते. आत कितीही बोललं तरी बाहेर कुणाला ऐकू जात नाही. मग लोकांना वाटतं, मी गप्पच असतो."

"आणि नसता?"

"ते समोर कोण आहे, त्यावर आहे," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते उमजून घाईघाईने केस झटकू लागला.

ती हसली नाही. हसू आलं होतं, पण ते तिने कोटाच्या आतच ठेवलं, अँटेना बाहेर काढली.

ती एका लहान कारखान्यात कामाला होती. बोलणं तिखट, आणि हातात सदा तारा जोडायची तापलेली डाखणी, म्हणून तिथे सगळे तिला ठिणगी म्हणत. मासेमारीच्या होड्यांवर जाणाऱ्या माणसांसाठी त्या कारखान्यात एक छोटी पेटी तयार होत होती. माणूस पाण्यात पडला की बटण दाबायचं, आणि पेटीने हाक मारायची. ती हाक दूरवर नेण्याचं काम अँटेनाचं, आणि अँटेनाचं काम ठिणगीचं.

अँटेनाला दोन हात होते, डावा आणि उजवा, तांब्याचे. दोघांना विजेचा सारखाच वाटा लागतो. केबलमध्ये मात्र आत एक तार आणि तिच्याभोवती जाळीचं वेष्टण, असा विषम संसार. अशी केबल थेट जोडली, तर एका हाताला पोटभर मिळतं आणि दुसऱ्याच्या वाट्याचं जाळीच्या बाहेरून सांडत मागे जातं. हे सांडणं थांबवून दोघांना समसमान वाढणारा जो मधला तुकडा, त्याला बॅलन म्हणतात. ठिणगीने तो पातळ बोर्डावर काढला होता. बोर्डाच्या वर तांब्याची अरुंद पट्टी, खाली तांब्याचा रुंद थर. या जोडीला मायक्रोस्ट्रिप म्हणतात. सगळा मिळून काडेपेटीहून छोटा.

"हे तुम्ही केलंत?" मौनीने तो तुकडा उजेडात धरून विचारला.

"का? बाईमाणसाने केल्यासारखं दिसत नाही?"

"दिसतं ना. कडा इतक्या सरळ आहेत, की माझ्या हातून होणार नाहीत."

ठिणगीने मान तिरकी करून त्या कडा स्वतःच एकदा पाहून घेतल्या.

खोलीच्या दाराबाहेर टेबल होतं, त्यावर मोजायचं यंत्र. मौनीने केबल जोडली. जोड नाजूक होता, केबल जड. डाख ओढला जाऊ नये म्हणून त्याने केबल तळहातावर अलगद पेलून धरली आणि म्हणाला, "बटण तुम्ही दाबा. तुमची अँटेना आहे."

तिने बटण दाबलं. पडद्यावर हिरवी रेघ उमटली, सरळ चालत आली, आणि बरोबर हवी त्या जागी खोल, सुरेख खड्ड्यात उतरली. दिलेलं सगळं अँटेनाने घेतलं, परत काही आलं नाही, असा त्या खड्ड्याचा अर्थ.

"वा," मौनी म्हणाला. तो पडद्याकडे पाहत होता, असं ठिणगीला वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं की पडदा दुसऱ्या बाजूला आहे.

"रेघ तिकडे आहे," ती म्हणाली.

"हो... पाहिली."

"कधी?"

त्याने अहवालाच्या कागदावर लिहिलं: पहिली मोजणी ठीक. खोलीतली मोजणी उद्या. ठिणगीने कागद घेतला आणि पावसात निघाली. या वेळीही छत्री उघडायची राहिली.

घरी आई शिवणयंत्रावर होती आणि दादा दारात बसून जाळ्याच्या गाठी आवळत होता. दादा होडीवर जाई. पेटी तयार झाली की पहिली त्याच्याच कमरेला बांधायची, हे ठिणगीने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"झालं पास," तिने सांगितलं.

"लहान आहे ना पण?" दादाने विचारलं. "मोठं धूड असेल तर मी होडीच्या फळीखाली टाकून देईन, आधीच सांगतो. जाळं ओढताना कमरेला काही टोचलेलं मला चालत नाही."

"साबणाच्या वडीएवढी आहे. आणि टाकून दिलीस तर मीच तुला पाण्यात ढकलीन, काम करते का बघायला."

आईने यंत्राचं चाक हाताने थांबवलं. "आज बोलताना सारखी हसतेयस. पास फक्त पेटी झाली ना?"

"आई, तिथे एक केबल धरणारा होता, एवढंच."

"आपल्याकडे चॅनेल दिसत नाहीत, त्याला सांग की जरा."

"तसला केबलवाला नाही गं," ठिणगी म्हणाली. दादा गाठ सोडून मोठ्याने हसला.

दुसऱ्या दिवशी अँटेना खोलीच्या मधोमध, फिरत्या खांबावर चढली. दार बंद झालं. आता आत माणूस नाही. खांब हळूहळू फिरणार, आणि अँटेना कुठल्या दिशेला किती ताकदीने बोलते, त्याचं चित्र बाहेर पडद्यावर उमटणार. दोन सारख्या पाकळ्या यायला हव्यात.

चित्र पुरं झालं. एक पाकळी मोठी, दुसरी खुरटी, आणि दोघींच्या मधून तिसरंच एक वाकडं शेपूट निघालेलं.

मौनीने पुन्हा मोजलं. शेपूट तिथेच. त्याने अँटेना काढून बाहेर टेबलावर जोडली, केबलला आधार म्हणून लाकडी ठोकळा लावला आणि बटण दाबलं. कालचा सुरेख खड्डा आज उथळ होता, आणि जागेवरून सरकलेलाही.

"काल तर..." तो म्हणाला.

"काल जसं केलंत, तसं करा," ठिणगी म्हणाली. "अगदी तसंच. उभे होतात तिथे उभे राहा."

तो उभा राहिला. ठोकळा बाजूला सारला, केबल तळहातावर पेलली. पडद्यावरची रेघ शहाण्या मुलीसारखी जागेवर आली आणि खोल उतरली.

दोघंही त्याच्या हाताकडे बघत राहिले.

"सोडा," ती म्हणाली. रेघ बिघडली. "धरा." रेघ सुधारली. सांडलेलं सगळं केबलच्या बाहेरून वाहत होतं आणि त्याचा तळहात ते मुकाट्याने शोषून घेत होता. पास अँटेना झाली नव्हती. पास हात झाला होता.

यंत्राच्या वर भिंतीला एक पाटी होती. ठसठशीत अक्षरांत: मोजताना केबलला हात लावू नये.

"हे अक्षर कुणाचं?" ठिणगीने विचारलं.

"माझंच."

"सगळ्यांना सांगता?"

"रोज."

"मग काल?"

मौनीचे कान लाल झाले. "काल... लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

त्याने नजर चुकवली नाही. ठिणगीलाच पाटीचं शुद्धलेखन तपासण्याची एकदम गरज वाटू लागली.

"मी तुमच्या कारखान्यात कळवतो," तो शेवटी म्हणाला. "कालचा कागद मी रद्द करतो. चूक माझी होती."

"बॅलन माझा आहे. माझं मी सांगीन."

"बॅलन तुमचा, हात माझा. ज्याचं त्याने सांगावं."

त्याने तिच्यासमोरच फोन लावला आणि सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. फक्त लक्ष कुठे होतं तेवढं गाळलं. ठिणगी ऐकत राहिली. सरळ कडा आपल्याच हातून निघतात असं नाही, हे तिला तेव्हा कळलं.

कारखान्याच्या मालकीणबाईंना मात्र असल्या कडांचं कौतुक नव्हतं. होडीवाल्यांच्या संघाची माणसं शनिवारी पेटी बघायला येणार होती. "बाजारात तयार बॅलन मिळतो," बाई म्हणाल्या. "तो घाल आणि मोकळी हो."

"तो पेटीत मावत नाही, बाई. पेटी दुप्पट करावी लागेल."

"करू दुप्पट."

"मग ती कमरेला कोण बांधेल? माझा दादा फळीखाली टाकणार म्हणतो, तोंडावर. पाण्यात दादा आणि पेटी फळीखाली, त्या पेटीने हाक मारून काय उपयोग?"

बाईंनी चष्मा काढला. रागावल्या की त्या चष्मा काढत, म्हणजे समोरच्याचा चेहरा दिसत नसे आणि दया येत नसे. "शनिवारी सकाळी मी स्वतः येईन. तुझा चालला तर तुझा. नाहीतर तयार. आणि मोजताना त्या माणसाचे दोन्ही हात मला दिसले पाहिजेत."

"दिसतील," ठिणगी म्हणाली.

दोष कुठे होता ते तिला परतीच्या वाटेवरच उमगलं होतं. बोर्डाच्या खालचा रुंद थर हळूहळू निमुळता होत वरच्या पट्टीएवढा व्हायला हवा. केबलच्या विषम संसारातून अँटेनाच्या सारख्या वाटणीत जायचं, ते सावकाश, कुठे धक्का न लागता. तिने जागा वाचवायला तो उतार आखडता घेतला होता. लांब उतार हवा, आणि पेटीत लांबी नाही. गाडी तिथेच अडली.

ती डाखणी आणि तांब्याच्या पट्ट्या घेऊन मौनीच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली. मोजायचं यंत्र तिथे होतं, हे कारण खरंच होतं.

"घरी सांगून आलात?" त्याने चहाचा पेला पुढे सरकवत विचारलं.

"आईला वाटतं, तुम्ही केबलवाले आहात."

"मग?"

"आमच्याकडे चॅनेल दिसत नाहीत म्हणाली."

"येईन की बघायला," तो लगेच म्हणाला, इतक्या लगेच की दोघंही चहात डोकावू लागले.

तिने रिकामी पेटी त्याच्या हातात दिली. "ही धरा. कुठेतरी जागा असणारच. मला नुसतं बघू द्या."

त्याने पेटी धरली. ती वरून बघत होती, खालून, तिरकी मान करून. तिच्या केसांची एक बट त्याच्या मनगटाला घासून गेली... आणि मौनी दगडी पुतळ्यासारखा स्थिर राहिला. या माणसाचे हात फार स्थिर आहेत, तिने मनात नोंदलं. आणि मग तिची नजर त्याच्या अंगठ्यावर थांबली.

"तुमचा अंगठा कुठे आहे?"

"सॉरी, काढतो..."

"काढू नका, तसाच राहू द्या."

बॅटरी आणि पेटीची भिंत यांच्यामधल्या फटीत त्याचा अंगठा आरामात, उभा बसला होता. फट पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती. बोर्ड आडवा ठेवायचा, असं ती धरून चालली होती. बोर्ड भिंतीला पाठ लावून उभा राहिला, तर हवा तेवढा लांब उतार मिळत होता.

"आडवा कशाला ठेवायचा?" ती स्वतःशीच म्हणाली. मग त्याला म्हणाली, "तुम्ही अगदी बिनकामाचे नाही."

"हे प्रमाणपत्र लेखी मिळेल का?"

"आधी तुमचा जुना कागद रद्द झालाय तो पचवा."

नवा बोर्ड तिने कापला. खालचा तांब्याचा थर एका बाजूला रुंद, मग दोन्ही अंगांनी बेताबेताने उतरत, टोकाला वरच्या पट्टीशी बरोबरी करणारा. कापून झाल्यावर मौनीने विचारलं, "दुसरा कधी?"

"दुसरा कशाला?"

"एकट्या बॅलनची परीक्षा घेता येत नाही. जोडी लागते, तंतोतंत सारखी. दोघांची बरोबरीची टोकं एकमेकांना जोडायची, एकीकडून द्यायचं, दुसरीकडून मोजायचं. मध्ये जे हरवेल त्यातलं निम्मं याचं, निम्मं त्याचं."

"दोष कुणाचा ते कसं कळतं?"

"सारखेच असले की भांडण राहत नाही."

"असं यंत्रांतच होतं," ठिणगी म्हणाली. पण दुसरा बोर्ड तिने पहिल्याहून जास्त जपून कापला.

जोडी जुळली. एका टोकाने दिलेलं दुसऱ्या टोकाला जवळपास सगळं पोचलं. मध्ये हरवलं ते इतकं थोडं, की मौनीने यंत्र बंद करून पुन्हा चालू करून पाहिलं.

शनिवारी पाऊस उघडला होता. मालकीणबाई आल्या, चष्मा डोळ्यांवर. होडीवाल्यांच्या संघातले दोघं आले, आणि त्यांच्याबरोबर, न बोलावता, दादा. तो मौनीला वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागला.

"हेच का ते?" त्याने बहिणीच्या कानात विचारलं.

"दादा, गप्प बस."

"केसांत काय आहे ते त्याच्या?"

"भुगा आहे. असतो."

अँटेना जोडली गेली. केबल ठोकळ्यावर. मौनीने दोन्ही हात वर केले, चोर पकडल्यावर करतात तसे, आणि बाईंकडे पाहिलं. बाईंच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. ठिणगीने बटण दाबलं.

रेघ चालत आली आणि उतरली. खोल, जागच्या जागी.

"आता पुढचं," ठिणगी मौनीला म्हणाली. "हात लावा."

"पाटी आहे," तो म्हणाला.

"आज मी सांगतेय. मुठीत धरा, चांगली आवळून."

मौनीने केबल मुठीत धरली. सगळे पुढे वाकले. रेघ हलली नाही. त्याने मूठ पुढे सरकवली, मागे सरकवली, दुसरा हातही लावला. दादाने न राहवून आपलंही बोट लावून पाहिलं. रेघ पाटावर बसलेल्या नवरीसारखी, मान न उचलता, तिथेच. बाहेरून काही सांडतच नव्हतं, मग हात कितीही लागोत.

मग खोलीतली मोजणी. दार बंद झालं, खांब फिरला, आणि पडद्यावर दोन पाकळ्या उमलल्या. एक डावीकडे, एक उजवीकडे, एकमेकींच्या आरशातल्या असाव्यात तशा. शेपूट नव्हतं.

संघातल्या माणसाने जोडीतला दुसरा बोर्ड बसवलेली बंद पेटी हातात घेतली, तोलून पाहिली आणि दादाकडे दिली. दादाने ती कमरेला लावली, वाकला, जाळं ओढल्यासारखे दोन हात मारले. "टोचत नाही," तो म्हणाला. संघातल्या माणसाला एवढं पुरे होतं.

बाईंनी चष्मा काढला. ठिणगीने वाद घालायला तोंड उघडलं. पण बाईंनी काचा पुसल्या आणि चष्मा परत लावला. "तुझाच घालू," त्या म्हणाल्या. "आणि त्या पोराला सांग, हात खाली केले तरी चालतील आता."

सगळे बाहेर पडले. दादा जाताना मौनीला म्हणाला, "आमच्या घरचे चॅनेल कधी बघताय?" आणि उत्तरासाठी न थांबता जिना उतरला.

अँटेना खांबावरून काढायची होती. ठिणगी खोलीत गेली. मौनी मागोमाग आला, तिला उंची पुरणार नाही म्हणून. दार मागे आपोआप ओढलं गेलं. काळे सुळके चारी बाजूंनी त्यांच्याकडे बघत होते.

"म्हणजे आता केबल धरायला माणूस लागणार नाही," तो म्हणाला.

"नाही. तेवढ्यासाठीच तर खपले."

"मग तुम्ही इकडे यायचं काही... म्हणजे, नेहमीच्या प्रयोगशाळेतलं यंत्रही दुरुस्त झालं असेल."

"परवाच झालं."

"परवा?" त्याने वळून पाहिलं. "मग काल इथे का आलात?"

ठिणगीने अँटेना हातात घेतली. पाण्यात पडल्यावर दाबायचं ते बटण तिने स्वतः बसवलं होतं. ते घाबरत घाबरत दाबून चालत नाही, पूर्ण दाबावं लागतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"इथे बोललेलं बाहेर जात नाही ना?"

"अजिबात नाही."

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "केबल धरतोस म्हणून नाही. तो फोन केलास ना, तेव्हापासून. त्याच्या थोडं आधीपासूनही असेल, पण त्याची मोजणी झालेली नाही."

शब्द तिच्या ओठांवरून सुटले आणि संपले. कुठलीही भिंत ते परत द्यायला तयार नव्हती. दुसऱ्या कुठल्याही खोलीत निदान स्वतःचाच आवाज घुमून आला असता, तेवढाच आधार. इथे तसं काही होत नाही. इथे उत्तर हवं असेल, तर समोरच्या माणसानेच ते द्यावं लागतं.

मौनीने तिच्या हातातली अँटेना काढून घेतली आणि जमिनीवर ठेवली, सावकाश, धक्का न लावता. मग तिचा हात हातात धरला. त्या दिवशी केबल पेलली होती तसा, अलगद. फक्त या वेळी तो नक्की कुठे बघतो आहे, याबद्दल कुणालाही शंका आली नसती.

"मलाही," तो म्हणाला. "तू दारात आलीस तेव्हापासून. पाटी वाचता येत नव्हती, इतकी."

बाहेर टेबलावर यंत्र तसंच चालू राहिलं होतं. पडद्यावर दोन पाकळ्या होत्या, आणि दोघांपैकी कुणाला ते बंद करायची घाई नव्हती.